टेलला पाणी पोचत नाही तेव्हा

तालुक्याच्या गावातलं कुठलंही मेडिकल घ्या. दिवेलागणीला दुकानात गर्दी असते. एक पंचेचाळिशीचा माणूस बराच वेळ बाजूला उभा राहतो, मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करतो. गर्दी पांगली की पुढे होतो, आधी डोकेदुखीची गोळी मागतो आणि मग खालच्या आवाजात म्हणतो, "ती ताकदीची एक द्या." चिठ्ठी नसते. बीपी कधी मोजलेलं नसतं, साखर तपासलेली नसते. गोळी खिशात जाते आणि माणूस अंधारात निघून जातो.

हे श्रीगोंद्यात दिसेल, काष्टीत दिसेल, दौंडला आणि नगरलाही दिसेल. त्या माणसाला जो त्रास आहे तो जगात कोट्यवधी पुरुषांना आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यावर इलाज आहे. तरीही तो एकटा आहे, कारण या त्रासाला आपल्याकडे जी नावं आहेत ती शिवीसारखी वापरली जातात. नामर्द म्हटलं की एका अवयवाच्या तक्रारीवरून अख्खा माणूस निकालात निघतो. अशा नावाखाली कोण डॉक्टरसमोर बसेल?

वैद्यकातही पूर्वी असाच शब्द होता, नपुंसकत्व. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं तो बाजूला ठेवायला सांगितलं आणि साधी व्याख्या केली: समाधानकारक संबंधासाठी पुरेशी ताठरता न येणं किंवा आलेली न टिकणं. म्हणजे अडचण ताठरतेची. माणसाच्या पुरुषपणाशी, त्याच्या इच्छेशी किंवा मूल होण्याच्या क्षमतेशी तिची गल्लत करायची नाही. एखाद्या रात्री थकव्यानं, दारूनं किंवा काळजीनं असं झालं तर तो आजार नव्हे. तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ हे वरचेवर होत राहिलं तर तपासणी करावी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ या काळात चाळीस ते सत्तर वयाच्या १,२९० पुरुषांची पाहणी झाली. त्यांपैकी ५२ टक्क्यांना थोडीफार तरी अशी अडचण होती. मेडिकलबाहेर ताटकळणारा माणूस स्वतःला जेवढा एकटा समजतो, तेवढा तो नाही.

दार उघडावं लागतं

शरीरात नेमकं काय घडतं हे श्रीगोंद्याच्या माणसाला पाटाच्या पाण्यावरून लगेच कळेल. लिंगात स्पंजासारख्या दोन लांब नळ्या असतात. एरवी त्यांच्याकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांचे आणि त्या स्पंजाचे बारीक स्नायू आवळलेले असतात. दारं बंद, वाफा कोरडा. मनात इच्छा जागी झाली किंवा स्पर्श झाला की कण्याच्या खालच्या टोकातून निघणाऱ्या नसा काम सुरू करतात. त्यांच्या टोकांशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सुटतो. त्यानं ते आवळलेले स्नायू सैल पडतात, दारं उघडतात आणि रक्त जोरात आत शिरतं. स्पंज फुगतो आणि भोवतीच्या चिवट आवरणावर दाबला जातो. त्या दाबानं रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा चेपल्या जातात. वाफा भरला की बाहेरची वाट आपोआप अडते, आणि ताठरता टिकते. हा वायू रक्तवाहिन्यांना सैल पडण्याचा निरोप देतो, या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

यातली मुख्य गोष्ट मनात ठसवावी अशी आहे. ताठरता येते ती स्नायू सैल पडल्यानं. आपण तिला ताकद म्हणतो, जोर म्हणतो, आणि सगळी चूक तिथूनच सुरू होते. हाताची मूठ आपण हुकूम देऊन आवळू शकतो. हे स्नायू हुकूम ऐकत नाहीत. जन्मभर पोती उचलून, नांगर धरून, कर्ज अंगावर घेऊन जो माणूस जोरावर उभा राहिला, त्याला इथे जोर लावून चालत नाही. जितका जोर लावावा तितकी दारं घट्ट बंद होतात.

असं का होतं हे कळायला उसाच्या फडाकडे जाऊ. रात्रीची वीज आलेली आहे, माणूस एकटाच दारं धरायला गेला आहे आणि उसात काहीतरी खसपसलं. बिबट्या! क्षणात छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, रक्त हातापायांकडे धावतं. अ‍ॅड्रिनलिनचा हा खेळ जीव वाचवण्यासाठी आहे. पळायच्या वेळी शरीराला इतर कशासाठीही सवड नसते, म्हणून लिंगाकडचं रक्त ते आधी बंद करतं. आता हाच माणूस घरी अंथरुणावर आहे आणि मनात एकच विचार आहे, आजही जमलं नाही तर? खोलीत बिबट्या नाही, पण शरीराला तो फरक कळत नाही. धडधड तीच आणि बंद झालेली दारंही तीच. मग खरंच जमत नाही, आणि पुढच्या रात्रीसाठी भीतीचं नवं बी पेरलं जातं.

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही गाठ उलगडून दाखवली. घाबरलेला पुरुष त्या क्षणी जोडीदाराजवळ नसतोच. तो बाजूला उभा राहून स्वतःचीच परीक्षा घेत असतो: आली का, टिकली का, गेली का. पाहणारा झाला की अनुभव घेणारा उरत नाही. आपल्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या रात्री कितीतरी तरुणांचं असंच होतं. आठवडाभराचं जागरण, पाहुण्यांनी भरलेलं घर, मित्रांची चेष्टा, पलीकडच्या खोलीतल्या बांगड्यांचा आवाजही ऐकू येईल अशा भिंती, आणि दोन अनोळखी माणसं. तिथे न जमणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं. उलट सहा महिन्यांत "गोड बातमी कधी?" हा प्रश्न सुरू होतो.

आधी चारी आटते

दुसरी बाजू शरीराची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर जीवावर बेतू शकतं. पुन्हा पाटाच्या पाण्याकडेच बघू. कुकडीचा डावा कालवा जुन्नरच्या येडगाव धरणातून निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. आवर्तन सुटलं तरी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचेल की नाही, हा इथल्या शेतकऱ्याचा कायमचा घोर. कालव्यात गाळ साचू लागला तर मोठ्या पात्राला ते लवकर जाणवत नाही. अरुंद चारीला आधी जाणवतं.

शरीरातही तसंच आहे. लिंगाकडे जाणारी रोहिणी एक ते दोन मिलिमीटर रुंद, हृदयाच्या रोहिण्या तीन ते चार मिलिमीटर, आणि मानेतून मेंदूकडे जाणारी पाच ते सात मिलिमीटर. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि चरबी यांमुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सगळीकडे एकदमच खराब होत असतं. पण सर्वांत अरुंद वाट आधी तक्रार करते. म्हणून अनेक पुरुषांमध्ये ताठरतेची अडचण हृदयविकाराच्या झटक्याआधी दोन ते पाच वर्षं दिसू लागते. छातीत कळ यायच्या कितीतरी आधी शरीरानं निरोप धाडलेला असतो. लाजेपोटी तो दडपला, तर औषधोपचार करून हृदय वाचवण्याची ती वर्षंही हातची जातात.

मधुमेहाचं वेगळं सांगायला हवं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. साखर रक्तवाहिन्यांना इजा करते तशी नसांनाही करते, म्हणजे पाणी आणि दार उघडणारा हात दोन्ही दुबळे होतात. मधुमेही पुरुषांमध्ये ही अडचण इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी येते. कित्येकांचा मधुमेह तर या तक्रारीच्या निमित्तानंच पहिल्यांदा सापडतो.

शरीराचं कारण की मनाचं, हे ओळखायची एक खूण घरीच मिळते. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. पहाटे जाग येताना दिसते ती त्यातलीच शेवटची. ती नेहमीसारखी असेल आणि फक्त जोडीदाराजवळ अडचण येत असेल, तर वाट शाबूत आहे, भीती आडवी येते आहे. पहाटेचीही हळूहळू नाहीशी झाली असेल, तर रक्तवाहिन्या, नसा आणि हार्मोन तपासायला हवेत. अर्थात बहुतेकांत दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. साखरेमुळे थोडं कमी पडतं, त्याची धास्ती बसते, आणि धास्तीनं उरलंसुरलंही जातं.

मनाची बाजू आपल्याला नवी नाही

मन आणि शरीर एकत्र धरण्याचा हा विचार परदेशातून आलेला नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक. त्याच्या नावावर आज चूर्णं आणि लेह विकले जातात. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कामशक्ती वाढवणाऱ्या गोष्टींत श्रेष्ठ म्हणून कोणतीही वनस्पती सांगितलेली नाही, संकल्प सांगितला आहे. आणि ती घालवणाऱ्या गोष्टींत अव्वल म्हणून मनाची खिन्नता नोंदवली आहे. जडीबुटीच्या तंबूत हे वाक्य कुणी ऐकवत नाही.

महाराष्ट्रानं या विषयावर उघड बोलण्याची किंमतही मोजली आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. कुठेही विचारता न येणारे प्रश्न वाचक त्यांना पत्रानं विचारत आणि कर्वे छापील, स्पष्ट उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला, पण लैंगिक प्रश्नाला शास्त्रानं उत्तर द्यावं हा आग्रह मराठीत रुजला. पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंच्या 'निरामय कामजीवन'नं तो घराघरांत नेला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला.

तरी काही जुन्या समजुती अजून ठाण मांडून आहेत. "धातू जातो" ही त्यातली सर्वांत जुनी. वीर्य गेलं की ताकद गेली, लहानपणच्या हस्तमैथुनाची ही शिक्षा आहे, असं मनाशी धरून बसलेले तरुण आजही भेटतात. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या भीतीतून येणाऱ्या आजाराला धात सिंड्रोम असं नाव दिलं. वीर्य शरीर सतत बनवत असतं, त्याच्या जाण्यानं कमजोरी येत नाही, हस्तमैथुनानं ताठरता जात नाही. दुबळं करते ती भीती.

सजग होणं म्हणजे काय करायचं

उपचारात सजगता आणायची म्हणजे लक्ष परीक्षेवरून काढून अनुभवावर आणायचं. सुरुवात श्वासापासून. रोज दहा मिनिटं शांत बसावं, श्वास आत येतो आणि बाहेर जातो तेवढंच पाहावं. मन भटकलं की स्वतःवर न चिडता परत आणावं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून हेच आनापान शिकवलं जातं. आणि श्रीगोंद्यात ज्या संत शेख महंमद महाराजांनी वास्तव्य केलं, त्यांच्या ग्रंथाचं नावच 'योगसंग्राम' आहे. मनाशी झुंज हा या गावाचा जुना विषय. श्वास लांब आणि सावकाश झाला की धडधड उतरते, बिबट्या गेल्याची खबर शरीराला मिळते आणि आवळलेली दारं सैल व्हायला वाव मिळतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दहा पुरुषांच्या लहानशा गटाला चार आठवडे असं प्रशिक्षण दिलं आणि त्याचा उपयोग दिसला. गट लहान आहे, म्हणून मोठा दावा करू नये. पण जे करायचं आहे त्यात धोका नाही आणि खर्चही नाही.

दुसरी पायरी दोघांची. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी घालून दिलेला स्पर्शाचा सराव आजही लैंगिक समुपदेशक देतात. पहिली अट अशी की काही आठवडे संभोग करायचाच नाही, आणि हे दोघांनी आधीच ठरवायचं. पंधरा-वीस मिनिटं आळीपाळीनं एकमेकांच्या हातांना, पाठीला, केसांना स्पर्श करायचा, गुप्तांगं सोडून. ऊब, खरखरीतपणा, मऊपणा काय जाणवतं तिकडे लक्ष द्यायचं. परीक्षाच रद्द झाल्यामुळे नापास होण्याची भीती उरत नाही. पुढच्या टप्प्यात सगळ्या शरीराला स्पर्श. ताठरता आली तर येऊ द्यायची, गेली तर जाऊ द्यायची. थोड्या वेळानं ती पुन्हा येते हे शरीरानं एकदा स्वतः अनुभवलं की धास्तीची मुळी सुटते.

यासाठी बोलावं लागतं, आणि घरोघरी तेच अवघड आहे. नवरा गप्प राहतो, पाठ फिरवून झोपतो, उशिरापर्यंत ओट्यावर बसून राहतो. बायकोला वाटतं, आपण आता आवडत नाही, किंवा बाहेर काही आहे. एका रात्री ती धीर करून विचारते, "अहो, झालंय काय? मला सांगा तरी." त्या वेळी "काही नाही, झोप" म्हणण्याऐवजी "मला भीती वाटते" एवढे तीन शब्द निघाले, तर अर्धा उपचार झाला. एकत्र कुटुंबात एकांत मिळत नाही हेही खरं. तो दोघांनी ठरवून काढावा लागतो, शेतातल्या वस्तीवर किंवा पोरं शाळेत गेल्यावर दुपारी.

पाणी वाढवणाऱ्या गोष्टी

रक्तवाहिन्या सुधारण्याचं काम पायांपासून सुरू होतं. आठवड्यातून चार दिवस, रोज चाळीस मिनिटं, दम लागेल अशा गतीचं चालणं किंवा सायकल सहा महिने ठेवली तर ताठरता सुधारते, असा अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे. इटलीत २००४ मध्ये लठ्ठ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात केवळ आहार आणि व्यायामानं दोन वर्षांत जवळजवळ तिघांपैकी एकाची ताठरता पूर्ववत झाली. शेतात राबणं हा व्यायाम आहेच, पण आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यावर किती राबतो, हे प्रत्येकानं प्रामाणिकपणे मोजावं.

तंबाखू सोडल्याशिवाय इतर उपाय लंगडे पडतात. मळलेली असो की बिडीतली, निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. दारूनं भीड चेपते, पण नसा बधिर होतात. झोपेचंही तसंच. २०११ मधल्या एका प्रयोगात दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घटलं. रात्रीच्या विजेवर पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याची आणि गाळपाच्या हंगामात पाळ्या करणाऱ्या कामगाराची झोप कुठून भरणार? दुपारी का होईना, ती भरून काढायलाच हवी.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही मदत करतात. लघवीची धार मध्येच थांबवताना जे आवळले जातात, ते. ते ओळखून एरवी बसल्या बसल्या आवळावेत आणि तितक्याच सावकाश पूर्ण सैल सोडावेत. ब्रिटनमध्ये ५५ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात या व्यायामानं सहा महिन्यांत ४० टक्के पुरुष पूर्ववत झाले.

गोळी, पण चिठ्ठीनं

२७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत सिल्डेनाफिल या ताठरतेवरच्या औषधाला मान्यता मिळाली. मुळात ते हृदयाच्या कळांवर तपासलं जात होतं. नायट्रिक ऑक्साइडनं उघडलेलं दार लवकर मिटू नये, एवढंच ते करतं. दार आधी इच्छेनंच उघडावं लागतं. योग्य माणसाला ते खूप उपयोगी पडतं आणि घेण्यात कमीपणा काहीच नाही. मोडलेला आत्मविश्वास सावरायला काही काळ गोळीचा आधार घेऊन सोबत सजगतेचा सराव करणं, हा चांगला मार्ग आहे. पण छातीच्या कळेसाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं किंवा तशी नायट्रेटची इतर औषधं घेणाऱ्यानं ही गोळी कधीही घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की प्राण जाऊ शकतो. ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर थेट दवाखाना गाठावा. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही अडचण येते. ती मनानं बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत.

भिंतींवर रंगवलेल्या "गुप्तरोग" जाहिराती आणि रस्त्याकडेच्या तंबूतली चूर्णं यांपासून दूर राहावं. "शुद्ध आयुर्वेदिक" म्हणून विकलेल्या अशा चूर्णांत चोरून सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि सॉर्बिट्रेट घेणाऱ्या माणसाला तेच जीवघेणं ठरू शकतं. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे.

काठाकाठानं वर

पाणी आलं नाही म्हणून टेलचा शेतकरी आपल्या वाफ्याला शिव्या देत नाही. तो खांद्यावर खोरं टाकतो आणि चारीच्या काठाकाठानं वर चालत जातो. कुठे गाळ साचलाय, कुठे दार अडकलंय, कुठे फुटलंय, ते बघत जातो. सोबत शेजारी असला तर बरंच.

या तक्रारीतही तसंच वर चालत जायचं आहे. एका सकाळी ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर तपासावी, कोलेस्टेरॉल बघावं, डॉक्टरांनी सांगितलं तर सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉनही. तंबाखूची पुडी, झोपेचे तास, कर्जाची काळजी, रोज घेतो त्या गोळ्या, सगळं डॉक्टरांना सांगावं. आणि निघताना बायकोला म्हणावं, "चल, तूही ये."